जॉर्ज ओम : तारेचं गणित मांडणारा शाळामास्तर

समजा तुम्ही एक जुना, बंद पेटीचा मालवाहू ट्रेलर घेतला आणि त्याचं चाकांवरचं घर करून मुळशी धरणाकाठी मुक्काम करायचं ठरवलं. आत दिवे हवेत, पंखा हवा, छोटा फ्रीज हवा. वीज बारा व्होल्टच्या बॅटरीची. मग पहिला प्रश्न येतो : वायर किती जाड घ्यायची? या प्रश्नाचं उत्तर आपल्या हाती देणारा माणूस कारखानदार नव्हता, बरं का! तो होता शाळेत गणित शिकवणारा मास्तर, जॉर्ज सायमन ओम.

ओम यांचा जन्म 16 मार्च 1789 रोजी जर्मनीतल्या एर्लांगेन गावी झाला. वडील कुलुपं बनवणारे कारागीर. शाळेचं शिक्षण बेताचंच, पण स्वतः अभ्यास करून ते गणित आणि विज्ञान शिकले आणि मुलांनाही घरीच शिकवू लागले. आई लवकर गेली. जॉर्ज कॉलेजात गेला, पण तिथे अभ्यासापेक्षा नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरच्या घसरगाडीसारख्या स्केटिंगमध्येच जास्त रमला. वडील चिडले आणि त्यांनी शिक्षण थांबवलं. सतराव्या वर्षी जॉर्ज स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणिताचा शिक्षक झाला. पुढे 1811 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली, तरी पोटासाठी शाळाच करावी लागली.

1817 मध्ये ओम कोलोनच्या शाळेत रुजू झाले. तिथली प्रयोगशाळा चांगली होती. शिकवून झालं की ते तारा घेऊन बसत. कमी लांबीची तार, जास्त लांबीची तार, जाड, बारीक. प्रत्येकीतून प्रवाह किती जातो, ते टांगलेल्या चुंबकसूईच्या वळण्यावरून मोजत. त्या काळच्या बॅटरीचा दाब स्थिर राहत नसे, त्यामुळे मोजमाप चुके. मग त्यांनी दोन वेगळ्या धातूंचा सांधा वापरला. एक टोक उकळत्या पाण्याच्या उष्णतेत, दुसरं बर्फात. आता दाब स्थिर मिळाला आणि नियमही सापडला. दाब वाढला की प्रवाह वाढतो, अडथळा वाढला की घटतो. तार जितकी लांब तितका अडथळा जास्त, जितकी जाड तितका कमी.

1827 मध्ये हे सगळं पुस्तकरूपाने आलं. कौतुक मात्र झालं नाही. विजेचं असं गणित मांडणं तेव्हाच्या अनेकांना रुचलं नाही. ओम यांनी कोलोनची नोकरी सोडली आणि पुढची काही वर्षं ओढाताणीत काढली. 1833 मध्ये न्यूरेंबर्गला पुन्हा बरी नोकरी मिळाली. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिलं. म्हणजे पुस्तकानंतर चौदा वर्षांनी! अखेरच्या वर्षांत ते म्युनिकला प्राध्यापक झाले आणि 6 जुलै 1854 रोजी तिथेच वारले. 1881 मध्ये पॅरिसच्या परिषदेने रोधाच्या एककाला त्यांचं नाव दिलं.

आता आपल्या ट्रेलरकडे येऊ. फ्रीज साठ वॅटचा धरा. बारा व्होल्टवर तो पाच अँपिअर ओढतो. बॅटरीपासून फ्रीज पाच मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन वायर दहा मीटर होते. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध सुमारे 0.12 ओम. पाच गुणिले 0.12 म्हणजे 0.6 व्होल्ट वाटेतच गेले. बारातले 0.6 म्हणजे पाच टक्के! चार चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर तोटा 0.22 व्होल्टवर येतो. घरातल्या 230 व्होल्टवर हाच फ्रीज पाव अँपिअरच घेतो, म्हणून तिथे बारीक वायर चालून जाते. घरची सवय ट्रेलरला लावू नका.

प्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. प्लायवुडच्या मागे तापणारी वायर कुणाला दिसत नाही, आणि आत तर आपली माणसं झोपलेली असतात. म्हणून आधी कागदावर यादी करा : वस्तू, वॅट, अँपिअर, अंतर. मग वायर ठरवा. वायरीला सोसेल तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी कडं बसवा, नाहीतर हादऱ्यांनी आवरण घासून निघेल. 230 व्होल्टचं काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

मुळशी धरणामुळे गावं पाण्याखाली गेली आणि सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, हे आपण मुलांना शिकवतोच. त्याच पाण्यावर खाली कोकणात भिऱ्याचं वीजघर 1927 मध्ये सुरू झालं, ओम यांच्या पुस्तकानंतर बरोबर शंभर वर्षांनी. तिथली वीज दूर मुंबईला पाठवताना दाब खूप वाढवतात, म्हणजे प्रवाह कमी राहतो आणि तारांत तोटा कमी होतो. मोठ्या मनोऱ्यांवरच्या तारा असोत की ट्रेलरमधली हातभर वायर, गणित एकच.

पुढच्या वेळी ओमचा नियम फळ्यावर लिहाल, तेव्हा नुसतं सूत्र पाठ करून घेऊ नका. मुलांना एका फिरत्या घराची यादी द्या आणि कोणती वायर घ्यायची ते त्यांनाच ठरवू द्या.