कै. पालवणकर बाळू : एक कृतज्ञ स्मरण

ज्या पुरुषांच्या नामोच्चाराने आपल्या चर्मकार समाजाची मान ताठ होते, त्यांत कै. पालवणकर बाळू यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांचा अल्प परिचय वाचकांस करून देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. घरची परिस्थिती बेताची. पुण्यास पारशांच्या क्रिकेट मैदानावर झाडलोट करणे व रूळ फिरविणे, हीच त्यांची पहिली शाळा. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात दरमहा ४ रुपयांवर लागले. तेथे ग्रेगसारख्या निष्णात फलंदाजास सरावासाठी तासन् तास चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी, संथ, फिरकती गोलंदाजी सिद्ध झाली.

युरोपियनांस हरवावयाचे, तर बाळूंवाचून गत्यंतर नाही, हे पुण्याच्या हिंदू संघास उमगले आणि त्यांना संघात घेण्यात आले. परंतु मैदानावर ज्या हाताचा चेंडू सर्वांस चालत असे, त्याच हातात चहाच्या वेळी मंडपाबाहेर मातीचे भांडे दिले जाई. जेवणाची पंगतही वेगळी मांडली जाई. बाळूंनी त्या अपमानास आपल्या चेंडूने उत्तर दिले. पुढे ते मुंबईस गेले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांवर मिळविलेल्या विजयात त्यांचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी एकूण ११४ बळी घेतले.

एवढे होऊनही कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० साली या अन्यायाच्या निषेधार्थ त्यांचे बंधू शिवराम व विठ्ठल संघाबाहेर राहिले. तेव्हा कोठे बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. १९२३ साली मात्र विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. थोरल्याने झिजविलेला उंबरठा धाकट्याने ओलांडला.

१९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. हा प्रसंग आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. मार्ग भिन्न असले, तरी मानहानीचे दुःख दोघांनीही भोगले होते. ४ जुलै १९५५ रोजी बाळू निवर्तले.

समाजबंधुभगिनींनो, गुणांची गरज असते तेव्हा जवळ करणारे आणि मानाची वेळ येताच दूर सारणारे लोक आजही भेटतात. आपल्या मुलामुलींनी खेळावे, नैपुण्य मिळवावे आणि त्याबरोबरच पंगतीतील आपली जागाही निर्भयपणे मागावी. बाळूंचे खरे स्मारक तेच होय, असे आम्हांस वाटते.