नृत्याचार्या वागानोव्हाबाई

कलेच्या क्षेत्रांत जे अग्रस्थानीं पोंचतात त्यांचीं नांवें सर्वतोमुखीं होतात. परंतु त्यांस घडविणारा हात बहुधा पडद्याआडच राहतो. रशियांतील नृत्यशिक्षिका अग्रिपीना वागानोव्हा यांचें चरित्र या नियमास अपवाद आहे. रंगभूमीवर जें यश त्यांस उशिरां व थोडें लाभलें, तें त्यांनीं आपल्या शिष्यांस भरभरून मिळवून दिलें. त्यांची कला बॅले ही होय. संवादावांचून, केवळ वाद्यसंगीत व नृत्य यांच्या योगें कथा सांगण्याची ही युरोपीय कला फार कडक शिस्तीची आहे.

अग्रिपीनाचा जन्म १८७९ सालच्या जून महिन्यांत सेंट पीटर्सबर्ग येथें झाला. तिचे वडील जातीनें आर्मेनियन. शहरांतील प्रख्यात मारीन्स्की नाटकगृहांत प्रेक्षकांस जागा दाखविण्याची चाकरी ते करीत. घरची स्थिति गरिबीची होती. मुलीस बादशाही नृत्यशाळेंत प्रवेश मिळाला, तो या कुटुंबास मोठाच आधार वाटला असेल. कारण तेथें शिक्षण व उदरनिर्वाह दोन्हींची सोय होती.

१८९७ सालीं शिक्षण पुरें करून ती मारीन्स्कीच्या नृत्यसंचांत दाखल झाली. तिच्या पायांत विलक्षण बळ होतें. उडी उंच व निर्दोष असे. परंतु रूप आणि अंगलट त्या काळच्या रंगभूमीस हवी तशी नाजूक नव्हती. तेथील मुख्य नृत्यरचनाकार मारियुस पेटिपा यांचेंही मत तिला अनुकूल नव्हतें. बरोबरीच्या मुली पुढें जात होत्या, आणि ती वर्षानुवर्षें दुय्यम कामांतच राहिली. छोट्या एकेरी नृत्यांत मात्र तिची बरोबरी कोणी करूं शकत नसे, इतकें कीं जाणकार तिला त्या नृत्यांची राणी म्हणत. मुख्य नर्तकीचें पद तिला १९१५ सालीं मिळालें, आणि पुढच्याच वर्षीं तिनें रंगभूमीचा निरोप घेतला.

हीं अठरा वर्षें वायां गेलीं काय? नाहीं. ज्यास एखादी गोष्ट सहज साधते, तो ती कशी साधली याचा विचार क्वचितच करतो. जो अडखळतो, त्यास तो करावाच लागतो. वागानोव्हाबाईंनीं स्वतःच्या दोषांची कसून तपासणी केली. त्यांच्या शाळेंतील जुनी फ्रेंच पद्धति डौलदार होती. परंतु तींत जोम कमी पडे. इटलीहून आलेल्या नर्तकी वेगानें गिरक्या घेत व तोल अचूक सांभाळीत. पण त्यांच्या हालचालींत मार्दव कमी असे. ओल्गा प्रेओब्राझेन्स्काया या सहकारी नर्तकीनें इटालियन गुरु चेकेत्ती यांजपासून पुष्कळ घेतलें होतें. तिच्या वर्गांत जाऊन, स्वतः नामांकित असतांही, बाई पुन्हां विद्यार्थिनी झाल्या. डौल व जोम यांचा मेळ कसा घालावा, याचा शोध त्यांस तेथें लागूं लागला.

इतक्यांत १९१७ सालची राज्यक्रांति झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस पतीचें निधन झालें. पदरीं मूल, आणि जवळ पैसा नाहीं. पोटासाठीं बाईंनीं सिनेमागृहांत खेळांच्या मध्यंतरीं नृत्यें केलीं. पुढें त्या शिक्षिका झाल्या, आणि १९२१ सालीं ज्या शाळेंत त्या वाढल्या तींतच शिकवूं लागल्या. तो काळ बॅलेस मोठा कठीण होता. ही दरबारी चैन आहे, नव्या राज्यांत तिची गरज काय, असें पुष्कळांस वाटत होतें. कलेचें जगणें वा मरणें हें पुढची पिढी कशी निपजते यावर अवलंबून होतें.

बाईंच्या वर्गांत केवळ पायांकडे पाहिलें जात नसे. पाठीचा कणा हाच सर्व तोलाचा आधार, असा त्यांचा सिद्धांत. हात हे शोभेसाठीं नसून उडीस व गिरकीस साहाय्य करणारे. मस्तक, खांदे, हात व पाय यांनीं एकाच विचारानें चालावें. शिष्येचा तोल गेला तर नुसतें पुन्हां करावयास सांगून त्या थांबत नसत. तोल कां गेला, हें तिनेंच सांगितलें पाहिजे. पाठ घोकणें आणि पाठ समजणें यांतील भेद त्या शरीराच्या शिक्षणांतही पाळीत.

फळ लौकरच दिसलें. १९२५ सालीं मरीना सेम्योनोव्हा ही शिष्या उत्तीर्ण झाली, आणि तिचें नृत्य पाहून जुन्या कलेंत अद्याप प्राण आहे हें लोकांस पटलें. १९२८ सालीं गलिना उलानोव्हा व १९३१ सालीं नतालिया दुदिन्स्काया बाहेर पडल्या. एकीचा जोम, दुसरीचें भावमाधुर्य, तिसरीची चपळाई. तिघींची वाट निराळी. एकाच गुरूच्या शिष्या एकमेकींच्या नकला झाल्या नाहींत, हेंच त्या पद्धतीचें खरें यश.

१९३१ पासून १९३७ पर्यंत नाटकगृहाच्या बॅलेची सूत्रें बाईंकडे होतीं. १९३४ सालीं त्यांनीं शास्त्रीय नृत्याच्या मूलतत्त्वांवर ग्रंथ लिहिला. पुढें त्याचीं अनेक भाषांत भाषांतरें झालीं. अधिकारपद गेल्यावरही त्यांनीं वर्ग सोडला नाहीं. महायुद्धांत लेनिनग्राडला वेढा पडला, शाळा पर्म शहराकडे हलली, बाईंसही गांव सोडावें लागलें. पण शिकविणें चालूच राहिलें. ५ नोव्हेंबर १९५१ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्याच वर्षीं इरीना कोल्पाकोव्हा ही त्यांची एक गुणी शिष्या उत्तीर्ण झाली होती. १९५७ सालीं त्या शाळेस त्यांचें नांव देण्यांत आलें.

विद्यार्थी मित्रहो, वर्गांत ज्यांस एखादा विषय उशिरां उमगतो ते पुष्कळदां स्वतःस कमी लेखतात. त्यांनीं हें चरित्र ध्यानांत ठेवावें. वागानोव्हाबाईंस जें अडलें, त्याचें कारण त्यांनीं शोधलें. आणि जें सांपडलें तें स्वतःपुरतें न ठेवतां दुसऱ्यांस दिलें. उलानोव्हा व सेम्योनोव्हा या पुढें स्वतः गुरु झाल्या व मास्कोच्या बोल्शॉय नाटकगृहांत नव्या नर्तकींस घडवूं लागल्या. एका स्त्रीच्या अडखळण्यांतून निघालेली वाट अशी पिढ्यान्‌पिढ्या चालती राहिली.