एडी नावाची मुलगी

एडी सेजविक १९४३ साली कॅलिफोर्नियात जन्मली. घरात पैसा चिक्कार, सुख मात्र बेताचंच. १९६४-६५ मध्ये वर्षाच्या आत तिचे दोन भाऊ गेले.

१९६५ साली न्यूयॉर्कमध्ये तिला चित्रकार अँडी वॉरहॉल भेटला. भिंतींना चंदेरी कागद लावलेल्या त्याच्या स्टुडिओचं नाव 'फॅक्टरी' (आपल्या वर्कशॉपशी काही संबंध नाही बरं का!). तिथे निघणाऱ्या अंडरग्राउंड सिनेमांना धड कथा नसायची. 'पुअर लिटल रिच गर्ल'मध्ये एडी उठते, सिगारेट ओढते, फोनवर बोलते, बस्स. लेन्सच्या दोषामुळे रीळ फोकसबाहेर गेलं. पुन्हा शूटिंग झालं, तरी वॉरहॉलने पहिला अर्धा भाग तसाच धूसर ठेवला.

'आउटर अँड इनर स्पेस'मध्ये तर टीव्हीवर तिचाच आधी रेकॉर्ड केलेला चेहरा बडबडतोय आणि ती शेजारी बसून अस्वस्थ होतेय. मला खरी एडी इथेच दिसते. कॅमेरा तिच्याकडे टक लावून पाहत होता, पण तिची काळजी कोण घेत होतं?

त्याच वर्षी 'व्होग'मध्ये फोटो आला. पुढे वॉरहॉलशी बिनसलं. मग ड्रग्ज, हॉस्पिटलं. १६ नोव्हेंबर १९७१ ला गुंगीच्या औषधांमुळे ती गेली. वय २८. 'चाओ! मॅनहॅटन' १९७२ मध्ये आला. त्यात तिने जवळजवळ स्वतःचीच भूमिका केली आहे.