फ्लॅटचे मालक असूनही सोसायटीच्या कागदावर ‘भाडेकरू’ का? त्यामागे आहे लंडनच्या एका स्टेनोग्राफरची गोष्ट

सोसायटीच्या ऑफिसमधल्या कपाटात एक जुनी फाइल असते. त्यात नोंदणी प्रमाणपत्र असतं. ते कुणी सहसा उघडून बघत नाही. पण कधी बघितलंच, तर महाराष्ट्रातल्या बऱ्याच सोसायट्यांच्या प्रमाणपत्रावर वर्गीकरणाच्या रकान्यात एक चमत्कारिक शब्द सापडतो. ‘भाडेकरू सहभागीदारी गृहनिर्माण संस्था’.

वीस वर्षांचं होमलोन डोक्यावर घेऊन फ्लॅट विकत घेतला, आणि कागदावर भाडेकरू?

ही टायपिंगची चूक नाही. हा शब्द इंग्लंडमधून आला आहे. तो कसा आला हे समजून घ्यायचं, तर एका माणसाची गोष्ट माहीत असायला हवी. त्यांच्याकडे ना आर्किटेक्टची डिग्री होती, ना पैसा. दिवसभर दुसऱ्यांची भाषणं लिहून घेणं ही त्यांची नोकरी. नाव एबेनेझर हॉवर्ड.

शेती फसली, शॉर्टहँडने तारलं

हॉवर्ड यांचा जन्म 29 जानेवारी 1850 चा, लंडनमधला. वडिलांचा केक-मिठाईचा धंदा होता. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि हॉवर्ड कारकून म्हणून कामाला लागले. त्याच काळात ते शॉर्टहँड शिकले. पुढे आयुष्यभर याच कौशल्याने त्यांचं पोट भरलं.

एकविसाव्या वर्षी, म्हणजे 1871 मध्ये, दोन मित्रांना घेऊन ते अमेरिकेला गेले. नेब्रास्कात 160 एकर जमीन घेतली आणि शेती करायला लागले. पण शहरात वाढलेल्या कारकुनाला शेती कशी जमणार? थोड्याच काळात गाशा गुंडाळून त्यांनी शिकागो गाठलं आणि तिथे स्टेनोग्राफरची नोकरी धरली.

शिकागो तेव्हा नुकतंच जळून खाक झालं होतं. 1871 च्या मोठ्या आगीनंतर शहर पुन्हा उभं राहत होतं. कालपर्यंत ओसाड असलेल्या जमिनीला, तिथे माणसं राहायला आली की कसा भाव येतो, हे हॉवर्ड यांना रोज डोळ्यांसमोर दिसत होतं.

1876 मध्ये ते लंडनला परतले. ब्रिटिश संसदेचं कामकाज अधिकृतपणे टिपणाऱ्या गर्नी कंपनीत त्यांना काम मिळालं. घरांची टंचाई, झोपडपट्ट्या, रिकामी होणारी खेडी या विषयांवर खासदार तासन् तास बोलायचे आणि हॉवर्ड ते शब्दन् शब्द उतरवून घ्यायचे. चर्चा भरपूर व्हायची, हाती मात्र फारसं काही लागायचं नाही.

मुद्दा घराचा नव्हताच, जमिनीचा होता

त्यावेळच्या लंडनमध्ये एकेका खोलीत अख्खं कुटुंब राहायचं. मजुरी वाढली की भाडं वाढायचं. नगरपालिकेने रस्ता केला, जवळ रेल्वे स्टेशन आलं, की पुन्हा भाडं वाढायचं. वस्ती लोकांमुळे सुधारायची आणि त्या सुधारणेचा पैसा जायचा जमीनमालकाच्या खिशात.

हॉवर्ड यांनी नेमकं हेच पकडलं. माणसं राहायला आल्यामुळे जमिनीची किंमत वाढते, मग ती वाढ तिथे राहणाऱ्यांनाच का मिळू नये?

1898 मध्ये त्यांनी या विचारावर पुस्तक काढलं. छपाईसाठी एका मित्राकडून 50 पौंड उसने घेतले. 1902 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती ‘गार्डन सिटीज ऑफ टुमॉरो’ या नावाने आली आणि ती जगभर गाजली.

गार्डन सिटी म्हटलं की आज बागा आणि झाडं आठवतात. पण पुस्तकाचा मोठा भाग निव्वळ हिशेबाचा आहे. 6,000 एकर शेतजमीन घ्यायची. एकराला 40 पौंड, म्हणजे 2,40,000 पौंड. त्यातल्या 1,000 एकरांवर 30,000 माणसांचं शहर वसवायचं आणि बाकीच्या शेतीच्या पट्ट्यात 2,000 माणसं राहतील. जमीन विश्वस्तांच्या नावावर राहील आणि घरं, दुकानं, कारखाने सगळे त्यांना भाडं देतील.

त्या भाड्याचे तीन वाटे. पहिला, कर्जावरचं व्याज. दुसरा, मूळ कर्ज फेडण्यासाठीचा सिंकिंग फंड. तिसरा, रस्ते, शाळा, बागा अशा सामायिक खर्चासाठी. 30 वर्षांत कर्ज फिटलं की व्याज आणि हप्ता दोन्ही बंद, आणि तो सगळा पैसा गावाचा. त्यातून म्हाताऱ्या माणसांना पेन्शन देता येईल, इथपर्यंत हॉवर्ड यांचा हिशेब गेला होता.

सिंकिंग फंड हा शब्द सोसायटीच्या मेंटेनन्स बिलावरही असतो. फरक इतकाच की आपल्याकडे तो इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी साठवतात.

कागदावरचं गाव जमिनीवर आलं

या कल्पनेची थट्टा झाली, पण हॉवर्ड यांनी नाद सोडला नाही. 1899 मध्ये त्यांनी गार्डन सिटी असोसिएशन काढली. रात्री गावोगाव भाषणं द्यायची आणि दिवसा नोकरी करायची. 1903 मध्ये ‘फर्स्ट गार्डन सिटी लिमिटेड’ ही कंपनी नोंदली गेली आणि लंडनच्या उत्तरेला लेचवर्थ इथे 3,818 एकर जमीन घेतली. रेमंड अनविन आणि बॅरी पार्कर या आर्किटेक्ट जोडीने गावाचा आराखडा केला.

कंपनीच्या नियमात एक महत्त्वाची अट होती. भागधारकांना वर्षाला 5 टक्क्यांपेक्षा जास्त लाभांश मिळणार नाही, वरचा पैसा गावासाठी. सुरुवातीला मात्र वाटायला काही नव्हतंच. पहिला लाभांश निघायला 1913 उजाडलं.

दरम्यान कंपनी एखाद्या मोठ्या सोसायटीच्या कमिटीसारखी राबत होती. पाणी, गॅस, वीज सगळं तीच चालवायची. गावात दारूचं दुकान हवं की नको, यावर रहिवाशांचं मत घेतलं गेलं आणि कौल ‘नको’ असा आला. 1907 मध्ये तिथे ‘स्किटल्स इन’ सुरू झालं. दिसायला पब, आतमध्ये खेळ, गप्पा, चहा, पण दारूचा थेंब नाही.

याच गावात ‘भाडेकरू सहभागीदारी’ मोठी झाली. ही कल्पना हॉवर्ड यांची नव्हती. सुतारकाम करणारे कामगार नेते हेन्री व्हिव्हियन यांनी 1901 मध्ये लंडनजवळच्या ईलिंगमध्ये तिची सुरुवात केली होती. पद्धत सोपी होती. राहणाऱ्यांनी संस्थेचे शेअर घ्यायचे. जमीन आणि इमारती संस्थेच्या मालकीच्या. प्रत्येकजण आपल्याच संस्थेचा भाडेकरू, म्हणून मालकही तोच आणि भाडेकरूही तोच. 1905 मध्ये लेचवर्थमध्ये अशी संस्था निघाली आणि गार्डन सिटी चळवळीबरोबर हा नमुना सगळीकडे पोहोचला.

एक स्वयंपाकघर, अनेक घरं

लेचवर्थमध्ये हॉवर्ड यांनी आणखी एक प्रयोग केला. ‘होम्सगार्थ’ हे एक गृहसंकुल. मधोमध मोकळं अंगण, चारही बाजूंनी छोटी घरं, आणि सगळ्यांत मिळून एक मोठं स्वयंपाकघर आणि एक डायनिंग हॉल. प्रत्येक घराने स्वतंत्र चूल मांडायची, स्वतंत्र मोलकरीण ठेवायची, हा खर्च आणि हे कष्ट वाचवायचे. जेवण हॉलमध्ये घ्या किंवा घरी मागवा.

घरकामात बायकांचा दिवस कसा संपतो, हा विचार त्यामागे होता. पण आराखड्यातल्या 32 घरांपैकी निम्मीच उभी राहिली. ज्या मजुरांच्या हालांपासून सगळं सुरू झालं होतं, त्यांना तिथलं भाडं परवडत नव्हतं. राहायला आले ते मध्यमवर्गीय. सामायिक सोयींचा खर्च कुणाला झेपतो, हा प्रश्न तेव्हाही सुटला नव्हता.

हॉवर्ड स्वतः मात्र तिथे राहायला गेले. त्यांची पहिली पत्नी एलिझाबेथ यांचं 1904 मध्ये निधन झालं होतं. लेचवर्थच्या घरी येण्याआधीच त्या गेल्या. 1907 मध्ये त्यांनी एडिथ यांच्याशी दुसरं लग्न केलं आणि हे दोघं काही वर्षं होम्सगार्थमध्ये राहिले.

जे लिहून ठेवायचं राहिलं

गाव उभं राहिलं, पण गावाचा कारभार हॉवर्ड यांच्या हातात राहिला नाही. कंपनीच्या बोर्डावर उद्योगपती आणि वकील होते. पैसा त्यांनी आणला होता आणि त्यांना सावध पावलं टाकायची होती. जमिनीचा भाव वाढेल तसं भाडंही ठराविक काळाने वाढावं आणि ती वाढ गावाला मिळावी, हा हॉवर्ड यांच्या योजनेचा कणा होता. पण अशा अटीवर कारखानदार येईनात. मग 99 वर्षांच्या ठराविक भाड्याचे करार सर्रास होऊ लागले. भाव वाढला तरी त्यातलं फारसं गावाच्या तिजोरीत येणार नव्हतं. जमीन शेवटी रहिवाशांच्या ताब्यात देण्याचा विषय पुढेपुढे ढकलला गेला.

हॉवर्ड भांडत बसले नाहीत. 1919 मध्ये वेलविन इथल्या जमिनीचा लिलाव निघाला. सत्तरीला टेकलेले हॉवर्ड तिथे गेले आणि बोली लावून आले. बयाणा भरण्याइतके पैसेही हातात नव्हते, कमी पडलेली रक्कम एजंटकडूनच उसनी घेतली. मित्रांनी कपाळाला हात लावला, पण 1920 पासून तिथे वेलविन गार्डन सिटी उभी राहू लागली. 1927 मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. 1 मे 1928 रोजी वेलविनमधल्या घरीच त्यांचं निधन झालं. दोन शहरं वसवणाऱ्या या माणसाने पैसा असा जमवलाच नाही.

पुढे या दोन्ही गावांचं जे झालं, ते कुठल्याही सोसायटीच्या सभासदाने वाचावं असं आहे.

वेलविन 1948 मध्ये सरकारने ताब्यात घेतलं. सरकारी महामंडळ आलं, आणि जमिनीचा मालकी हक्क गावकऱ्यांकडे कधी आलाच नाही. लेचवर्थमध्ये कंपनी टिकली, पण 5 टक्क्यांची अट पुढच्या संचालकांनी काढून टाकली. अट गेल्याबरोबर गावाची जमीन हा गुंतवणूकदारांसाठी घसघशीत माल झाला. 1960 मध्ये एका बाहेरच्या कंपनीने शेअर विकत घेऊन सगळा ताबा मिळवला. तेव्हा रहिवासी जागे झाले. गावकरी आणि स्थानिक परिषद संसदेपर्यंत गेले. 1962 मध्ये खास कायदा झाला आणि 1963 पासून गावाची मालमत्ता सार्वजनिक महामंडळाकडे आली. 1995 मध्ये ती एका धर्मादाय फाउंडेशनकडे गेली. आज तिथल्या दुकानांचं, कारखान्यांचं आणि शेतीचं भाडं गावाच्याच कामाला लागतं.

हॉवर्ड यांनी जे 1898 मध्ये मांडलं, ते मिळायला 65 वर्षं आणि एक लढाई लागली. कारण मूळ अट मोडता येणार नाही अशी कुणी बांधून ठेवली नव्हती.

ईलिंग ते गावदेवी

भारतात 1904 चा सहकार कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. 1912 च्या कायद्याने इतर सहकारी संस्थांनाही दार उघडलं. 1915 मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीची नोंदणी झाली. तिच्यामागे होते रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. ईलिंग आणि लेचवर्थमध्ये रुजलेली भाडेकरू सहभागीदारी त्यांच्यासमोर होती. पुढे तो शब्द महाराष्ट्राच्या सहकार नियमांतल्या वर्गीकरणात कायमचा बसला.

म्हणजे प्रमाणपत्रावरचा ‘भाडेकरू’ हा कमीपणाचा शब्द नाही. त्याचा अर्थ असा की जमीन आणि इमारत संस्थेची आहे, आणि संस्था तुमची आहे.

पण इथेच हॉवर्ड यांचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. जमीन खरंच संस्थेच्या नावावर आहे का? महाराष्ट्रात सोसायटी नोंदवल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमीन तिच्या नावे करून द्यावी, असा नियम आहे. तरी असंख्य सोसायट्यांची जमीन वर्षानुवर्षं मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावरच राहते. 2008 मध्ये कायद्यात ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ची, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाची, तरतूद करावी लागली ती यामुळेच. बिल्डर येत नसेल, तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते.

सर्वसाधारण सभेत पार्किंग, पाण्याची टाकी आणि लिफ्टवर तास-दोन तास वाद होतात. ते व्हायलाच हवेत. पण रिडेव्हलपमेंटची वेळ येते तेव्हा वाढलेल्या भावाचा वाटा कुणाला मिळणार, हे सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर कुणाचं नाव आहे, यावर बरंचसं ठरतं. पुढच्या सभेआधी कपाटातली ती फाइल काढून एवढं एकदा तपासून बघायला हरकत नाही.