क्रॉयडन ते डार्विन

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल या बंदरात १ जुलै १९०३ रोजी एमी जॉन्सनचा जन्म झाला. तिचे वडील मासळीचे व्यापारी होते. शेफील्ड विद्यापीठाची पदवी घेऊन एमी लंडनला आली आणि एका वकिलाच्या कचेरीत काम करू लागली. फावल्या वेळात ती स्टॅग लेन येथील विमानविद्येच्या क्लबात जाई. १९२९ साली तिला वैमानिकाचा परवाना मिळाला. पण तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही. यांत्रिकांबरोबर तेलाने हात माखून घेत तिने इंजिनाची दुरुस्तीही शिकून घेतली आणि त्याच वर्षी तीही परीक्षा दिली.

लंडनजवळील क्रॉयडनच्या विमानतळापासून ऑस्ट्रेलियातील डार्विन हे सुमारे ११,००० मैल, म्हणजे जवळजवळ १८,००० किलोमीटर दूर. १९२८ साली बर्ट हिंक्लर याने हे अंतर एकट्याने साडेपंधरा दिवसांत कापले होते. त्याहूनही लवकर पोहोचण्याचा एमीने निश्चय केला. तोवर लंडनहून हलपर्यंत, म्हणजे दीडशे मैलांच्या आतच, काय तो तिचा एकटीचा मोठा प्रवास झालेला! वडील आणि लॉर्ड वेकफील्ड यांच्या साहाय्याने तिने एक जुने 'जिप्सी मॉथ' विमान विकत घेतले. वडिलांच्या मासळीच्या व्यापारचिन्हावरून त्याचे नाव ठेवले 'जेसन'. लाकूड व कापड यांचे ते हलके विमान; बसण्याची जागा उघडी, बिनतारी यंत्र नाही, आणि वेग ताशी जेमतेम ८५ मैल.

५ मे १९३० रोजी तिने क्रॉयडन सोडले. व्हिएन्ना, इस्तंबूल, अलेप्पो असे मुक्काम झाले. बगदादच्या वाटेवर वाळूच्या वादळाने तिला गाठले. तेव्हा वाळवंटातच विमान उतरवून, वाऱ्याने ते उलटू नये म्हणून ती त्याच्या शेपटीवर बसून राहिली. सहाव्या दिवशी ती कराचीला पोहोचली. हिंक्लरला तेथवर आठ दिवस लागले होते. एका अनोळखी तरुणीचे नाव आता जगभर झाले.

पुढे पेट्रोल संपत आल्यामुळे तिला झाशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. तेथून अलाहाबाद व कलकत्ता गाठून ती रंगूनकडे निघाली. ब्रह्मदेशात पावसाने दिशा दिसेना. रंगूनऐवजी ती इन्सेन येथे एका खेळाच्या मैदानावर उतरली आणि विमान खड्ड्यात गेले. पंखा मोडला, पंख फाटला. तेथील तंत्रशाळेतील शिक्षक व विद्यार्थी धावून आले. पंखाला सदऱ्यांच्या कापडाची ठिगळे लावली, एमीने बरोबर आणलेला जादा पंखा बसविला. परंतु मिळविलेले दोन दिवस तेथेच खर्ची पडले.

२४ मे रोजी ती डार्विनला उतरली. क्रॉयडन सोडून एकोणीस दिवस झाले होते. हिंक्लरचा विक्रम मोडला नाही, याची तिला फार रुखरुख लागली. लोकांना मात्र त्याचे काहीच वाटले नाही. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने विमान नेणारी ती पहिली स्त्री होती.

१९३२ साली लंडन ते केपटाउन या मार्गावर तिने वेगाचा विक्रम केला. दुसऱ्या महायुद्धात विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचविण्याचे काम तिने पत्करले. ५ जानेवारी १९४१ रोजी ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळील किडलिंग्टनला विमान नेताना खराब हवेत ती वाट चुकली आणि टेम्स नदीच्या मुखाशी हवाई छत्रीने पाण्यात उतरली. तिला वाचविण्यासाठी वॉल्टर फ्लेचर या नौदलाच्या अधिकाऱ्याने त्या गोठविणाऱ्या पाण्यात उडी घेतली; त्यात त्याचाही अंत झाला. एमीचा देह सापडला नाही.