पैनगंगेची सरहद्द आणि पहिले सालारजंग

आमच्या इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला पैनगंगा खडकावरून कोसळते. नदी ओलांडली की वऱ्हाड. १८५३ पासून या नदीच्या अलीकडे निजामाचे राज्य आणि पलीकडे इंग्रजांचा कारभार, अशी ती सरहद्द झाली. ही सरहद्द पुसण्याचा ध्यास ज्या पुरुषाने जन्मभर घेतला, त्याचे नाव आमच्याकडे फारसे कोणी घेत नाही, याचे मला नवल वाटते.

मीर तुराब अलीखान ऊर्फ पहिले सालारजंग यांचा जन्म १८२९ चा. (हैदराबादचे संग्रहालय पाहून आलेली मंडळी त्यांचे श्रेय यांना देतात, पण तो संग्रह मुख्यतः त्यांच्या नातवाचा, तिसऱ्या सालारजंगांचा.) मे १८५३ मध्ये कंटिंजंट फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्ग आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या हवाली झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत चुलते सिराज-उल-मुल्क वारले आणि अवघ्या चोविसाव्या वर्षी दिवाणगिरी यांच्या गळ्यात पडली.

खजिना रिकामा, महसूल सावकार आणि अरब जमादारांकडे गहाण. कर्जानेच मुलूख गेला होता, हे या तरुणाने नेमके ओळखले. त्यांनी महसुलाचे मक्ते मोडले, पगारी अधिकारी नेमले आणि १८६५ साली जिल्हाबंदी केली. तलवारीपेक्षा जमाखर्चाच्या वहीवर त्यांचा भरवसा अधिक होता.

१८५७ चे काय? १७ जुलैला तुर्रेबाजखान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी रेसिडेन्सीवर चाल केली, तेव्हा सालारजंग इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. हे मला रुचत नाही, आणि कोणाला रुचावे असा माझा आग्रहही नाही. १८५९ साली तर त्यांच्यावर गोळी झाडली गेली. मात्र १८६० च्या तहात धाराशिव आणि रायचूर परत आले, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड तेवढा राहिला.

येथे मला सयाम आठवतो. त्याचा राजा चुलालोंगकोर्न यानेही कारभार सुधारला, आणि १८९३ साली मेकाँग नदीपलीकडचा मुलूख फ्रेंचांना देऊन उरलेले राज्य राखले. पण सयामच्या एका अंगाला इंग्रज होते, दुसऱ्या अंगाला फ्रेंच. मधला देश दुसऱ्याने गिळू नये, ही दोघांचीही गरज होती. इथिओपियाच्या मेनेलिकने युरोपातूनच बंदुका मिळवून १८९६ साली अडोवाला इटलीचा पराभव केला. सालारजंगांच्या चहूबाजूंना एकटे इंग्रज, आणि सिकंदराबादेत त्यांचीच छावणी! कोणाला कोणाविरुद्ध उभे करणार?

उरला अर्ज. १८६९ पासून राजा तान्हे मूल होते आणि कारभार सालारजंग व शम्स-उल-उमरा या दोन पालकांकडे होता. फौजेचा खर्च रोख देतो, वऱ्हाड परत द्या, असे त्यांनी लेखी मागितले. १८७६ साली सालारजंग विलायतेस गेले. ऑक्सफर्डने मानाची पदवी दिली, मेजवान्या झडल्या. वऱ्हाडाबद्दल मात्र नकारच. पुढे शम्स-उल-उमरा वारल्यावर इंग्रजांनी सालारजंगांच्या विरोधकालाच सहपालक म्हणून त्यांच्या माथी मारले.

८ फेब्रुवारी १८८३ रोजी ते पटकीने गेले. ज्या बालराजासाठी त्यांनी राज्य सांभाळले, त्या महबूब अलीखानांनीच १९०२ साली, लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत, सालीना पंचवीस लाखांवर वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने लिहून दिला.