रोजचे सहा श्लोक

पवनारची सहल आपल्यापैकी कुणी चुकवली असेल असे वाटत नाही. धाम नदीचे पात्र, पलीकडचा परमधाम आश्रम आणि काठावर बसून एकमेकांच्या डब्यात घातलेले हात. त्या वयात विनोबा भावे म्हणजे भूदान, पदयात्रा आणि पेपरातला हमखास येणारा प्रश्न. चाळिशी ओलांडल्यावर मला त्यांच्यातला लेखक जास्त जवळचा वाटू लागला. लिहायची हौस आहे पण सवड नाही, ही आपल्या सगळ्यांचीच तक्रार. विनोबांना तर लिहिण्यासाठी निराळी सवड कुणी कधी दिलीच नव्हती.

११ सप्टेंबर १८९५ चा त्यांचा जन्म, कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्याचा. नाव विनायक. शिक्षण बडोद्याला झाले. तिथे ते कविता करीत आणि मनासारखी जमली की चुलीत टाकीत. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले, ते सुरतेलाच गाडी सोडून काशीला गेले. तिथे कविता गंगेत सोडल्या. त्याच वर्षी जूनमध्ये ते गांधीजींकडे अहमदाबादला पोहोचले.

बडोद्यातलीच एक गोष्ट पुढे फार मोठी ठरली. आई रुक्मिणीबाई गीतेवरचे प्रवचन ऐकायला जात, पण संस्कृत कळत नसे. मुलाने मराठी गद्य अनुवाद आणून दिला, तर तिला पद्य हवे होते. वामनपंडितांची समश्लोकी आणली, तर तीही तितकीच अवघड. तेव्हा, तूच का करत नाहीस, असे आईने सहज सुचवले. तिचा मुलावर केवढा विश्वास! पण १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत ती गेली. तेव्हा विनोबा २३ वर्षांचे होते आणि एकही श्लोक झालेला नव्हता.

८ एप्रिल १९२१ ला ते वर्ध्याला आले. जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून गांधीजींनी इथला आश्रम चालवायला त्यांना पाठवले होते. दळण, कताई, विणकाम, सफाई, शिकवणे अशी दिवसभराची बांधलेली कामे. तरी जानेवारी १९२३ मध्ये त्यांनी ‘महाराष्ट्र-धर्म’ मासिक काढले. त्याच वर्षी झेंडा सत्याग्रहात तुरुंगवास झाला, सुटल्यावर ते साप्ताहिक म्हणून चालवले. दर आठवड्याला ठरल्या दिवशी मजकूर द्यायचा म्हणजे लहर लागण्याची वाट बघता येत नाही. ‘मधुकर’मधले निबंध याच साप्ताहिकातले.

आईचे काम हाती घेतले ते तिच्यामागे १२ वर्षांनी, इथेच वर्ध्यात. ७ ऑक्टोबर १९३० ला सुरुवात आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला समाप्ती. मी इंजिनिअर, त्यामुळे तारखा दिसल्या की हिशेब मांडतेच. दोन्ही टोके धरून १२३ दिवस, श्लोक ७००. म्हणजे सरासरी दिवसाला सहासुद्धा नाहीत. आमच्या कामात मोठ्या सॉफ्टवेअरचे दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडतात, कारण सबंध काम एकदम डोळ्यांपुढे आले की माणूस हातच लावत नाही. इथे तर तुकडे आधीच पडलेले होते. श्लोकाला श्लोक, तोही मूळच्याच आटोपशीर मापात. कुठे थांबायचे हे पहिल्या दिवशीच ठाऊक होते. आणि वाचक कोण, हेही ठाऊक होते: संस्कृत न येणारी एक बाई. म्हणून शब्द साधे ठेवायचे. नाव ठेवले ‘गीताई’, गीता आणि आई एकत्र.

१९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे कैद्यांना गीता सांगायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय, २१ फेब्रुवारी ते १९ जून. कॅलेंडर मोजून बघा, बरोबर १८ रविवार भरतात. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते, त्यांनी सारे टिपून घेतले आणि त्याचे ‘गीता प्रवचने’ झाले. एक बोलणारा, एक लिहिणारा आणि आठवड्याला एक बैठक, एवढ्यावर मराठीतले एक मोठे पुस्तक उभे राहिले.

१९३८ मध्ये ते पवनारला राहायला आले. १९५१ पासून भूदानासाठी वर्षानुवर्षे चालले. तरी गीताईचे शब्द पारखणे सुरूच होते. भाऊ शिवाजीराव यांच्यासोबत त्यांनी ‘गीताई-कोश’ही केला. १५ नोव्हेंबर १९८२ ला पवनारलाच त्यांनी देह ठेवला.

विनोबांसारखे आपण होणार नाही, आणि कुणी तशी अपेक्षाही करत नाही. ऑफिस, मुलांचे क्लासेस, आईबाबांची औषधे यांतून उरते ती सकाळची वीस मिनिटे. त्यात कादंबरी बसत नाही. सहा ओळी बसतात. मी रोज तेवढ्याच लिहिते. एखाद्या दिवशी जास्त सुचले तर ते उद्यासाठी ठेवते, म्हणजे उद्या कोरे पान समोर येत नाही.

गीताईच्या लाखो प्रती घरोघरी गेल्या. गोपुरीच्या गीताई मंदिरात ती शिळांवर कोरलेली आहे. फक्त जिच्यासाठी लिहिली, तिला ती वाचता आली नाही. आपले सर आणि बाई आज सत्तरी-ऐंशीत आहेत आणि ही स्मरणिका चष्मा लावून, अगदी शुद्धलेखन तपासत वाचणार आहेत. त्यांच्याविषयी ज्याला जे लिहायचे आहे त्याने रोज सहा ओळी लिहाव्यात. पंधरा दिवसांत दोन पाने होतील. पुढच्या स्मरणिकेची वाट न बघता ती त्यांच्या घरी नेऊन द्यावीत.